मीठ, पाणी आणि क्षमा : 'स्मृतिचित्रे'तील श्रद्धेचे निवेदनरूप

१

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राला मराठी साहित्याच्या इतिहासात निर्विवाद मान्यता मिळालेली आहे. तथापि या मान्यतेचे स्वरूप तपासू लागल्यास तिच्यात एक फट असल्याचे लक्षात येते. साहित्यसमीक्षेने या ग्रंथाची वाखाणणी केली ती प्रामुख्याने त्यातील प्रांजळपणा, विनोद, बोलीचा सहज वापर आणि व्यक्तिचित्रणाची ताकद या गुणांसाठी. त्यातील ख्रिस्ती श्रद्धा ही समीक्षेने चरित्रविषयक माहिती म्हणून नोंदवली. साहित्यगुण म्हणून तिचा विचार क्वचितच केला. याउलट धार्मिक वाचनात श्रद्धेलाच केंद्रस्थान मिळाले, परंतु तेथे ग्रंथातील प्रसंगांकडे बोध देणारे दाखले म्हणून पाहिले गेले आणि त्यांच्या वाङ्मयीन रूपाची दखल घेण्याचे प्रयोजन उरले नाही. एका वाचनाने श्रद्धा बाजूला ठेवून साहित्य घेतले, दुसऱ्याने साहित्य बाजूला ठेवून श्रद्धा घेतली.

ही विभागणी मराठी समीक्षेतील एका जुन्या वादाशी जुळणारी आहे. बोध आणि कला यांचे मूलतः सख्य नाही, साहित्यकृतीत बोध शिरला की अनुभवाची स्वायत्तता संपते, अशी भूमिका कलावादी विचाराने घेतली. तर साहित्याचे मूल्य त्याच्या जीवनोपयोगी आशयात शोधणाऱ्यांनी बोधाला साहित्याचे प्रयोजन मानले. दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरली होती : बोध म्हणजे कृतीतून काढून वेगळे मांडता येईल असे विधान. हे गृहीतक 'स्मृतिचित्रे'च्या बाबतीत टिकत नाही. या ग्रंथातील ख्रिस्ती श्रद्धा विधानांच्या पातळीवर फारशी आढळत नाही. ती आढळते निवेदकाच्या वृत्तीत, म्हणजे वृद्ध निवेदिका आपल्या आयुष्यात आलेल्या माणसांकडे आणि आपल्याच पूर्वरूपाकडे ज्या पद्धतीने पाहते त्या पद्धतीत. दैनंदिन जीवन आणि वार्धक्य यांचा या श्रद्धेशी असलेला संबंध कोणत्या प्रकारचा आहे, हे तपासण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

२

रोजच्या जगण्यातील साध्या घटनेत धर्माचा धडा शोधणे हा ख्रिस्ती लेखनपरंपरेतील एक प्रमुख प्रघात आहे. त्याचा उगम अर्थातच शुभवर्तमानांतील दृष्टान्तांत आहे. मत्तयाच्या तेराव्या अध्यायात पीठ आंबवणारी स्त्री येते. लूकच्या पंधराव्या अध्यायात हरवलेले नाणे शोधण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी स्त्री येते. पेरणी, मासेमारी, मजुरी, लग्नाची मेजवानी हे सारे दृष्टान्तांचे साहित्य आहे. मात्र दृष्टान्त आणि बोधकथा यांत एक महत्त्वाचा भेद आहे. बोधकथेत घटना अर्थाकडे नेते आणि अर्थ हाती आल्यावर तिचे काम संपते. दृष्टान्तात घटना संपत नाही. उधळ्या मुलाच्या दृष्टान्तात थोरला भाऊ शेवटी मेजवानीला आत गेला की नाही, हे सांगितलेलेच नाही. अर्थाचा शोध ऐकणाऱ्यावर सोपवून दृष्टान्त थांबतो.

एकोणिसाव्या शतकातील मराठी मिशनरी गद्याने प्रेरणा दृष्टान्तापासून घेतली, पण रूप मात्र बोधकथेचे स्वीकारले. १८४२ साली सुरू झालेल्या 'ज्ञानोदय'सारख्या नियतकालिकांतून आणि ट्रॅक्टांतून घटना, तिच्यावरील भाष्य आणि उपदेश असा तीन पायऱ्यांचा साचा रूढ झाला. बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) या कादंबरीची बांधणीही याच साच्याच्या पुनरावृत्तीने झालेली आहे. यमुना आणि तिचा पती प्रवास करतात, ठिकठिकाणी विधवांच्या दुःखाच्या हकिकती त्यांना कळतात, प्रत्येक हकिकतीनंतर तिचा निष्कर्ष येतो. या कादंबरीचे सामाजिक मोल मोठे आहे. विधवांच्या यातनांना मराठी गद्यात प्रथमच इतकी सलग जागा मिळाली. परंतु त्या हकिकती आपापल्या निष्कर्षांच्या सेवेत आहेत. ज्या विधवेची कथा सांगितली ती निष्कर्षानंतर वाचकाच्या मनात व्यक्ती म्हणून उरत नाही, पुरावा म्हणून उरते.

आत्मचरित्राच्या क्षेत्रातही असाच एक साचा उपलब्ध होता. ऑगस्टीनच्या 'कन्फेशन्स'पासून ख्रिस्ती आत्मकथनाचा आस म्हणजे धर्मांतराचा क्षण. त्याच्या अलीकडे अंधार, पलीकडे प्रकाश. अलीकडच्या आयुष्यातील क्षुल्लक प्रसंगालाही, उदाहरणार्थ पोरवयात केलेल्या नासपतींच्या चोरीला, पलीकडच्या प्रकाशात पापाचा अर्थ प्राप्त होतो. बाबा पदमनजींच्या आत्मचरित्राचे 'अरुणोदय' हे नावच या रचनेची ग्वाही देते.

लक्ष्मीबाईंच्या हाताशी आणखी एक परंपरा होती, ती वारकरी संतांची. जनाबाईंचे दळणकांडण आणि सावता माळ्याचा मळा ही रोजच्या श्रमात ईश्वर अनुभवण्याची मराठी मनाला परिचित अशी रूपे होत. ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भक्तीसाठी अभंगाचा स्वीकार केला आणि तुकारामांचे ऋण मानले. त्यामुळे ही परंपरा टिळकांच्या घरात परकी नव्हती. संतकाव्यात ईश्वर कामाच्या जागीच अवतरतो, जात्याला हात लावतो, आणि त्याच्या सान्निध्याने काम हेच भजन होते. मिशनरी गद्यात घटना अर्थाला वाट करून देते, संतकाव्यात ती ईश्वराने भरून जाते. 'स्मृतिचित्रे'त यांपैकी काहीच घडत नाही. तेथे घटना घटनाच राहते, आणि तरीही तो एका श्रद्धावान स्त्रीचा ग्रंथ आहे याविषयी वाचकाला संदेह उरत नाही. हे कसे साधले, हा खरा वाङ्मयीन प्रश्न आहे.

३

ग्रंथाच्या आरंभी येणारे वडिलांचे, नाना गोखल्यांचे, चित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १८५७ च्या धामधुमीत सासऱ्यांना फाशी झाली, त्या धक्क्यानंतर नानांच्या सोवळ्याने विलक्षण रूप धारण केले. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घेतल्याखेरीज घरात यायची नाही. या धुण्यातून मीठसुद्धा सुटत नसे. मीठ धुणे म्हणजे ते नाहीसे करणे. शुद्धीच्या हव्यासाने वस्तूचे वस्तुत्वच वाहून जाते, हे या एका तपशिलातून जितके प्रखरपणे व्यक्त होते तितके सोवळ्यावरील एखाद्या प्रबंधातूनही होणार नाही.

ख्रिस्ती लेखकाच्या हाती हा प्रसंग म्हणजे आयता दाखला होता. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात शिष्यांना पृथ्वीचे मीठ म्हटले आहे आणि मिठाचा खारटपणा गेला तर त्याचे काय करायचे, असा प्रश्न उपस्थित केला आहे. ख्रिस्तचरित्रावर काव्य रचणाऱ्या लक्ष्मीबाईंना हा संदर्भ ठाऊक नसणे शक्य नाही. 'यमुनापर्यटन'च्या साच्यात हा प्रसंग लिहिला गेला असता तर धुतलेल्या मिठापासून बेचव कर्मकांडापर्यंतची वाट दोन वाक्यांत काटली गेली असती. लक्ष्मीबाई ती वाट घेत नाहीत. त्या नानांचे धुणे सांगतात, त्यापायी घरातल्या बायकामुलांची उडणारी त्रेधा सांगतात, त्यातला हास्यास्पद भाग लपवत नाहीत. पण या साऱ्याच्या मुळाशी असलेल्या फाशीच्या भयाची नोंदही त्यांनी आधीच करून ठेवलेली असते. परिणामी नाना हे अंधश्रद्धेचे उदाहरण ठरत नाहीत. भ्यालेला, भयापोटी साऱ्या जगाला धुऊन काढू पाहणारा एक माणूस म्हणून ते वाचकासमोर उभे राहतात.

याच घरात वाढलेल्या मुलीला पुढे पाण्याच्या प्रश्नाला सामोरे जावे लागले. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरची जवळपास पाच वर्षे लक्ष्मीबाईंच्या आयुष्यातील सर्वांत खडतर होत. पंढरपुरात बहिणीच्या आश्रयाने काढलेले दिवस, लहानग्या दत्तूची चिंता, पुढे पतीजवळ राहायला आल्यावरही वेगळा स्वयंपाक आणि वेगळे पाणी ठेवण्याचा अट्टहास, हे सर्व त्यांनी बारकाईने सांगितले आहे. राहुरीत या अट्टहासाचा अंत झाला. माणसामाणसांत जात देवाने निर्माण केली असती तर पशूंच्या जातींत दिसतो तसा काही भेद त्याने शरीरात ठेवला असता. जन्म, मरण, भूक, बुद्धी सर्वांना सारखीच असताना हा भेद माणसानेच केलेला असला पाहिजे, या विचारापाशी त्या स्वतःहून पोचल्या आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निर्धार त्यांनी केला.

येथे घटनाक्रमाला अतिशय महत्त्व आहे. पाणी आधी येते, बाप्तिस्मा नंतर, १९०० मध्ये. लक्ष्मीबाईंनी ख्रिस्ती झाल्यामुळे जात सोडली नाही. जात गळून पडल्यावर ख्रिस्ताकडे जाणारी वाट मोकळी झाली. मिशनरी कथनाला नेमका उलटा क्रम सोयीचा असतो, कारण त्यात आचरण हे स्वीकृत सिद्धान्ताचे फळ म्हणून दाखवता येते. लक्ष्मीबाईंच्या कथनात सिद्धान्त मागून येतो. ज्या तर्काने त्यांनी जातीचा निकाल लावला त्यात बायबलमधील वचनाचा आधार नाही. गोठ्यात आणि स्वयंपाकघरात जे नजरेला पडते त्याचा आधार आहे. रोजच्या जगण्यात श्रद्धेचा धडा सापडला असे म्हणण्यापेक्षा, रोजच्या जगण्याने श्रद्धेला धडा दिला असे येथे म्हणावे लागते. टिळकांसारख्या विद्वानाचा युक्तिवाद जे घडवू शकला नाही ते तहानेने आणि साध्या निरीक्षणाने घडवले. आणि हे सांगताना लक्ष्मीबाईंच्या निवेदनात विजयाचा सूर नाही.

ज्या दोन प्रसंगांत धर्माचा प्रश्न सर्वाधिक तीव्र होतो ते दोन्ही प्रसंग मीठ आणि पाणी यांच्याभोवती घडतात, ही बाब योगायोगाची नाही. सोवळ्याचे ओझे ज्या हातांनी प्रत्यक्ष वाहायचे ते घरातल्या स्त्रियांचे हात. त्यामुळे धर्मांतराचा प्रश्न पुरुषांसाठी मतांचा असला तरी स्त्रियांसाठी तो घागरीचा, चुलीचा आणि ताटाचा होतो. टिळकांचे धर्मांतर ग्रंथवाचनातून आणि चिंतनातून घडले. लक्ष्मीबाईंचे घडले ते पाण्याच्या तांब्यापाशी. 'दैनंदिन जीवन' हा शब्द वापरताना ते कोणाचे दैनंदिन जीवन, हा प्रश्न विचारावाच लागतो, याचे भान हा ग्रंथ देतो.

४

'स्मृतिचित्रे'चे चार भाग १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले. चौथा भाग लक्ष्मीबाईंच्या निधनानंतर. म्हणजे निवेदिका पासष्टीच्या आसपासची, टिळकांच्या १९१९ मधील मृत्यूनंतर दीड दशकाचे वैधव्य अनुभवलेली, कराचीपर्यंतचा प्रवास केलेली आजी आहे. धर्मांतरकथेची रचना दोन 'मी'वर उभी असते : पूर्वीचा आणि नंतरचा. 'स्मृतिचित्रे'तही दोन 'मी' आहेत, पण त्यांच्यातील अंतर धर्माचे नाही, वयाचे आहे. एक 'मी' सोवळे पाळणारी, रुसणारी, भिणारी, हट्टी मुलगी व तरुणी. दुसरी 'मी' तिच्याकडे पाहून हसणारी वृद्धा. या वृद्धेच्या हसण्यात उपहास नाही. ऑगस्टीनच्या निवेदकाला आपल्या पूर्वायुष्याची घृणा वाटते. या निवेदिकेला आपल्या पूर्वायुष्याची माया वाटते.

हीच माया टिळकांच्या चित्रणातही आहे. शीघ्रकोपी, अव्यवहारी, घरात पैसा टिकू न देणारे, पुढ्यात येईल त्याला हातातले देऊन मोकळे होणारे आणि न सांगता निघून जाणारे टिळक या ग्रंथात कोठेही झाकलेले नाहीत. ज्यांच्या कवितेने आणि भक्तीने ख्रिस्ती समाजात त्यांना संतपदाच्या जवळ नेले, त्यांच्या पत्नीने त्यांच्या स्मृतीला वाहिलेल्या ग्रंथात इतकी उघड नोंद करावी, हे सोपे नव्हते. चरित्रनायकाला देव्हाऱ्यात बसवण्याचा मोह आणि सोसलेल्याचा हिशेब चुकता करण्याचा मोह, असे दोन्ही मोह लक्ष्मीबाईंसमोर होते. त्यांनी दोन्ही टाळले.

या वृत्तीला ख्रिस्ती परिभाषेत नाव आहे : क्षमा. मात्र 'स्मृतिचित्रे'तील क्षमा ही विषय म्हणून येत नाही. आपण वडिलांना, पतीला, सासरच्या माणसांना किंवा समाजाला क्षमा केली, असे लक्ष्मीबाई घोषित करीत नाहीत. घोषित केलेल्या क्षमेत क्षमा करणाऱ्याचा थोडा मोठेपणा मिसळलेला असतो, आणि ज्याला क्षमा केली तो किंचित लहान होतो. लक्ष्मीबाईंच्या निवेदनात असे कोणी लहान होत नाही, कारण निवेदिका स्वतःलाही त्याच पंक्तीत बसवते. टिळकांच्या संतापाची गोष्ट सांगताना स्वतःच्या हट्टाची गोष्टही तितक्याच मोकळेपणाने येते. नानांचे सोवळे हास्यास्पद, तर त्यांच्या लेकीचे सोवळेही तितकेच हास्यास्पद. वाचकाला हसू येते ते सर्वांविषयी सारखेच, आणि सारखेच असल्यामुळे ते कोणालाही दुखावत नाही. समीक्षेने ज्याला लक्ष्मीबाईंचा विनोद म्हणून गौरवले तो या अर्थाने त्यांच्या स्वभावाचा किंवा शैलीचा अलंकार नाही. तो त्यांच्या श्रद्धेचे निवेदनरूप आहे.

वार्धक्याचे कार्य येथेच स्पष्ट होते. म्हातारपणी माणूस शहाणा होतो आणि आपल्या शहाणपणाचे सार पुढच्या पिढीला देतो, ही वार्धक्याची लोकप्रिय कल्पना आहे. बोधपर लेखनाला ती विशेष प्रिय असते. 'स्मृतिचित्रे'तील वार्धक्य साराच्या मागे नाही. वयाने जे अंतर निर्माण झाले त्याचा उपयोग निवेदिका माणसांना अधिक नीट पाहण्यासाठी करते. अंतरामुळे क्रोध निवलेला आहे, पण तपशील निवलेला नाही. उलट क्रोध निवल्यामुळेच तपशील इतका स्वच्छ दिसतो.

असा आक्षेप घेता येईल की लक्ष्मीबाईंना पद्धतशीर शिक्षण मिळाले नव्हते; त्यांनी धर्मबोध मांडला नाही तो मांडण्याची साधने नसल्यामुळे, आणि समीक्षा मर्यादेलाच गुण समजत आहे. या आक्षेपाला 'ख्रिस्तायन' हे उत्तर आहे. टिळकांनी आरंभीचे मोजके अध्याय लिहून अपुरे ठेवलेले हे ख्रिस्तचरित्रपर महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले; त्याचा बहुतांश भाग त्यांचा आहे, आणि त्यांच्यामागे देवदत्त टिळकांनी ते पूर्णत्वास नेले. १९३८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. म्हणजे ज्या स्त्रीने गद्यात एकही प्रवचन लिहिले नाही तिनेच पद्यात अध्यायच्या अध्याय ख्रिस्ताचे चरित्र आणि शिकवण सांगितली. बोध सांगण्याची क्षमता आणि इच्छा दोन्ही तिच्यापाशी होत्या. देवाची कथा सांगताना तिने उपदेशाचा सूर लावला, माणसांची कथा सांगताना तो बाजूला ठेवला. हे अज्ञान नव्हे. हा औचित्याचा विवेक आहे.

५

तरीही एक शंका उरते. ही वृत्ती ख्रिस्ती श्रद्धेची म्हणावी, की एका विशिष्ट मराठी स्त्रीच्या स्वभावाची? तिचे निराकरण करण्यासाठी, सर्वस्वी वेगळ्या परिस्थितीत लिहिल्या गेलेल्या आणि श्रद्धा, दैनंदिनता व वार्धक्य या तिन्ही गोष्टी केंद्रस्थानी असलेल्या एखाद्या कृतीशेजारी 'स्मृतिचित्रे' ठेवून पाहणे उपयुक्त ठरेल. मेरिलिन रॉबिन्सन यांची 'गिलियड' ही २००४ मधील अमेरिकन कादंबरी, जिला २००५ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले, अशी कृती आहे. १९५६ साली आयोवा राज्यातील गिलियड या काल्पनिक गावी जॉन एम्स हा शहात्तर वर्षांचा, हृदयविकाराने जर्जर झालेला पाळक आपल्या सात वर्षांच्या मुलासाठी एक दीर्घ पत्र लिहीत आहे, अशी तिची कल्पना आहे. मुलगा मोठा होईल तेव्हा आपण नसू, हे जाणून तो लिहितो.

एम्स सर्वार्थाने लक्ष्मीबाईंच्या उलट टोकाला आहे. तो पुरुष आहे, वंशपरंपरेने पाळक आहे, कॅल्विन आणि फॉइरबाख त्याने वाचले आहेत. आयुष्यभर लिहून काढलेली त्याची प्रवचने पेट्यांमध्ये भरून माळ्यावर पडली आहेत, आणि मृत्यू जवळ आला असता त्या पेट्यांचे काय करायचे हा त्याच्यापुढे प्रश्न आहे. ज्याने जन्मभर बोध केला तो शेवटी मुलासाठी मागे ठेवतो ते बोध नव्हे. तो ठेवतो लहानपणी मांजराच्या पिल्लांना दिलेल्या बाप्तिस्म्याची आठवण, झाडाच्या फांदीवरून उडालेल्या पाण्याखाली हसणाऱ्या एका जोडप्याचे दृश्य, आणि जळालेल्या चर्चचे अवशेष पावसात उपसताना बापाने राखेच्या हाताने दिलेले बिस्किट. या बिस्किटाला एम्स प्रभुभोजनाचे मोल देतो.

दोन्ही ग्रंथांत आश्चर्य वाटावे असे साम्य आहे. एम्सचा आजोबा घरात काही टिकू देत नाही. दिसेल ते उचलून गरजूंना देऊन टाकतो आणि घरातल्या बाईला त्याच्यापासून पैसे लपवावे लागतात. टिळकांच्या संसाराशी परिचय असलेल्या मराठी वाचकाला हा आजोबा ओळखीचा वाटल्यावाचून राहणार नाही. ख्रिस्ताची आज्ञा शब्दशः पाळणारा माणूस आणि त्याच्या पाळण्याची किंमत मोजणारे घर, हा पेच दोन्हीकडे आहे, आणि दोन्हीकडे तो हसत सांगितला आहे. यावरून असे म्हणता येते की क्षमाशील हास्य ही केवळ एका स्वभावाची लकब नव्हे. ख्रिस्ती दृष्टीने आयुष्याकडे मागे वळून पाहण्याची ती एक शक्यता आहे.

परंतु भेद अधिक बोलका आहे. 'गिलियड'मध्ये क्षमा हा कथानकाचा विषय आहे. मित्राचा मुलगा जॅक बाउटन याच्याविषयीची एम्सच्या मनातील अढी, तिच्याशी त्याने केलेला झगडा आणि शेवटी जॅक गाव सोडून जाताना त्याने दिलेला आशीर्वाद, या क्रमाने कादंबरी पुढे सरकते. एम्स विचारवंत असल्यामुळे त्याला क्षमेपर्यंत विचारातून जावे लागते, आणि प्रत्येक आठवणीचा अर्थ लावल्याशिवाय त्याचे समाधान होत नाही. बिस्किटाचे प्रभुभोजन तो स्वतः करतो. लक्ष्मीबाई मिठाचे काहीही करीत नाहीत. रॉबिन्सन यांची कादंबरी श्रद्धेच्या चिंतनाची आहे. 'स्मृतिचित्रे' चिंतनाच्या आधीच्या किंवा नंतरच्या अवस्थेतील आहे. आणखी एक भेद दुर्लक्षिता येणार नाही. एम्सची क्षमा कादंबरीकाराने रचलेली आहे, लक्ष्मीबाईंची क्षमा प्रत्यक्ष सोसलेल्या गोष्टींवर उभी आहे. कल्पित पात्राला क्षमा करणे आणि ज्याने आपल्याला वर्षानुवर्षे एकटे पाडले त्या माणसाला क्षमा करणे, यांतील अंतर साहित्यशास्त्राला मोजता येत नसले तरी वाचकाला ते जाणवते.

६

या विवेचनावर सर्वांत गंभीर आक्षेप स्त्रीवादी दृष्टीतून येऊ शकतो आणि त्याचा विचार टाळणे इष्ट नाही. ज्या स्त्रीला बालवयात लग्न करून दिले, जिच्या संमतीवाचून पतीने धर्म बदलला आणि त्यामुळे जिला समाजाने वाऱ्यावर सोडले, तिच्या हास्याला क्षमेचे नाव देणे म्हणजे अन्यायावर पावित्र्याचे पांघरूण घालणे नव्हे काय? स्त्रियांकडून क्षमेची अपेक्षा धर्मसंस्था नेहमीच करीत आल्या आहेत. 'स्मृतिचित्रे'ही त्याच अपेक्षेची पूर्ती ठरत नाही काय?

हा आक्षेप रास्त आहे, पण तो ज्या क्षमेला लागू होतो ती विस्मृतीवर आधारलेली क्षमा होय. घडले ते घडले, आता त्याचा उच्चार नको, असे ती सांगते आणि त्यामुळे अन्याय करणाऱ्याची सोय होते. 'स्मृतिचित्रे' हे नावच या क्षमेच्या विरुद्ध आहे. लक्ष्मीबाईंनी काहीही विसरलेले नाही. कोणत्या दिवशी घरात काय नव्हते, कोण काय बोलले, कोण सोडून गेले, स्वतः किती रडलो, हे सारे त्यांनी संसारी बाईच्या हिशेबीपणाने नोंदवले आहे. क्षमेला हिशेब लागतो. जे मांडलेच नाही ते माफ करता येत नाही. लक्ष्मीबाई हिशेब पूर्ण मांडतात आणि वसुली करीत नाहीत. त्यामुळे वाचकाचा न्याय करण्याचा अधिकारही त्या हिरावून घेत नाहीत. टिळकांवर रागावण्यासाठी लागणारा सर्व पुरावा याच ग्रंथात आहे, आणि तो टिळकांवर न रागावलेल्या व्यक्तीने दिलेला आहे. पुढच्या काळातील वाचक लक्ष्मीबाईंहून कठोर निवाडा करू शकतो तो लक्ष्मीबाईंच्याच प्रामाणिकपणाच्या बळावर.

यातून बोध आणि कला यांच्या वादाविषयीही काही निष्पन्न होते. धर्मश्रद्धेला साहित्यकृतीत केवळ आशयाच्या, आणि त्यातही विधानांच्या, पातळीवर शोधण्याची पद्धत अपुरी आहे. श्रद्धा निवेदनाच्या अंतरात, स्वरात, कोणाला किती जागा दिली यात, कोणावर हसले आणि कोणाबरोबर हसले यात व्यक्त होऊ शकते. तसे झाले असता ती काढून टाकता येत नाही. काढू गेल्यास विनोद, प्रांजळपणा, व्यक्तिचित्रण हे मान्यताप्राप्त गुणही तिच्याबरोबर जातात. म्हणून 'स्मृतिचित्रे'तील ख्रिस्ती श्रद्धा वगळून तिचे वाङ्मयीन मूल्यमापन करणे ही तटस्थता नव्हे, ते अपुरे वाचन होय. त्याचप्रमाणे तिच्यातील प्रसंग सुटे करून त्यांचे दाखले करणे हेही अपुरे वाचन होय, कारण दाखल्यात जो माणूस हरवतो त्याला न हरवू देणे हीच या ग्रंथाची श्रद्धा आहे. दृष्टान्ताचे खरे रूप मराठीत शोधायचे असेल तर ते उपदेशपर कथांपेक्षा नानांच्या धुतल्या मिठात आणि राहुरीच्या पाण्यात अधिक सापडेल.

लेखिकेच्या निधनाने 'स्मृतिचित्रे'चे लेखन थांबले. ग्रंथाला समारोप नाही, आयुष्याचे सार सांगणारे शेवटचे प्रकरण नाही. ख्रिस्ती आत्मकथनाच्या शेवटी अपेक्षित असलेला 'आमेन' येथे उच्चारला गेलेला नाही. मात्र ज्या लेखिकेने आयुष्यातील एकाही प्रसंगाला समारोपाच्या हवाली केले नाही, तिच्या ग्रंथाला समारोप नसावा, हे त्या ग्रंथाच्या प्रकृतीशी विसंगत वाटत नाही.